गिरणीवाल्या आप्पांचं जेवण

आमचे आप्पा म्हंजे माझे सासरे, संगप्पा. लातुरात गंजगोलाईपासून थोडं आत आमची गल्ली हाय, तिथं त्यांची पिठाची गिरणी. औंदा चैत्रात गेले ते. मी सातवी शिकलेली बाई, लिहायची सवय न्हाई, जसं बोलते तसं मोबाईलवर टायपून राहिले. चुकलं माकलं तर समजून घ्या. आप्पांची आठवण आली की रडू येतंच, पर रडून झालं की मनाला गार वाटतं. ते गार कामून वाटतं ते सांगितल्याबिगर कुणाला कळायचं न्हाई, म्हून लिहिते.

आप्पा दिसायला साधेच. उंच, काटक, कपाळाला विभूतीचे पट्टे आन वरून पिठाची पांढरी धूळ, त्यात विभूती कुठली आन पीठ कुठलं ते कळायचं न्हाई. भुवया तर कायम पांढऱ्या. म्हणायचे, "मी तिशीतच म्हातारा झालो बाबा, माझं वय विचारू नका." गिरणी चालू असली की ओरडून बोलावं लागतंय, म्हून आप्पा घरात पण ओरडूनच बोलायचे. मी नवीन लग्न होऊन आले तवा मला वाटायचं रागावलेत. अव्वा हसायच्या. अव्वा म्हंजे माझ्या सासूबाई, लक्ष्मम्मा. त्या निलंग्याकडच्या, कानडी मुलखाला लागून माहेर. आप्पा आन अव्वा आपसात कानडीच बोलायचे. मला अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं.

गिरणीवर येणाऱ्या बायकांची आन आप्पांची रोजची भांडणं. आमच्या शेजारच्या केवळाबाई डबा ठेवल्या की आप्पा मूठभर ज्वारी हातावर घेऊन फुंकर मारायचे.

"केवळाबाई, ज्वारी आणलाव का खडे आणलाव?"

"तुमच्या गिरणीत गेली की खडेच होत्यात, घाला गुमान."

असं चालायचं. पर कुणाचं पीठ कुणात मिसळलं, कुणाला जाड लागलं, असं कधी झालं न्हाई. लहान लेकरू असलेल्या घरचं पीठ ते न सांगता बारीक काढायचे.

आता जेवणाचं सांगते, कारण सगळं त्याच्यातच हाय. आमच्या लिंगायतात जुनी माणसं गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर पाण्याचा घोट पण घेत न्हाईत. आन ताटात आलं तो प्रसाद. प्रसाद टाकायचा न्हाई. शित सुद्धा ठेवायचं न्हाई. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट निपटून ते पाणी पिऊन टाकायचं. आप्पांचं ताट घासायला टाकलं तर ते आधीच घासल्यासारखं दिसायचं. मी नवीन होते तवा एकदा धुतलेलं समजून फळीवर ठेवलं होतं, अव्वांनी काय हसावं.

अव्वा आप्पांचं झाल्यावर त्यांच्याच ताटात जेवायला बसायच्या. त्या काळच्या बायका बसायच्याच, त्यात नवीन काय न्हाई. आप्पांनी एखादी चतकोर भाकर, थोडा भात ठेवलेला असायचा, त्याच्यावर अव्वा अजून वाढून घ्यायच्या, जेवायच्या आन शेवटी तेच ताट धुऊन प्यायच्या. मी कित्येक वर्सं बघत होते. डोळ्यासमोरची गोष्ट, तिच्याकडं कोण ध्यान देतंय.

अव्वा गेल्या. साधा ताप आला, निमोनिया झाला, आठवड्यात संपलं. आप्पा लोकांसमोर रडले न्हाईत. गिरणी मात्र दुपारची बंद ठेवायला लागले, मंग हळूहळू आमच्या मालकांनीच, वीरेशनी, गिरणी बघायला सुरू केलं. आप्पा ओट्यावर बसून राहायचे.

आन जेवण कमी झालं. आधी दोन भाकरी खाणारा माणूस एकीवर आला. आम्ही म्हणलं, दुःख हाय, होईल हळूहळू. मंग अर्धीवर आले. मंग मी ताट घेऊन गेले की वाढायच्या आधीच ताटावर हात आडवा. "साकु, साकु." कानडीत साकु म्हंजे पुरे. एक पळी वरण, चमचाभर भात, भाकरीचा एवढासा तुकडा. तेवढं खाऊन, ताट धुऊन पिऊन उठायचे.

"आप्पा, अजून थोडी घ्या की. मेथीची पातळ भाजी केली तुमच्यासाठी."

"न्हाई पोरी. भूक न्हाई."

सासऱ्याला सून किती म्हणणार? आमच्यात सासरे आन सून समोरासमोर बसून बोलत न्हाईत जास्त. मी पदर घेऊन वाढायची, ते खाली मान घालून जेवायचे. काही पाहिजे असलं तर अव्वाला सांगायचे आन अव्वा मला. आता मधलं माणूसच न्हाई राहिलं.

वर्सभरात आप्पांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. गालफडं बसली. ओट्यावरून उठताना दोन्ही हात टेकवायला लागले. एकदा मठाच्या पायरीवर तोल जाऊन पडले, हाड मोडलं न्हाई म्हून बरं. गल्लीत बोलणं सुरू झालं. केवळाबाई तोंडावर बोलणारी बाई. म्हणली, "मंजुश्री, सगळ्या गल्लीला पीठ दिलं त्या माणसानं, तुझ्या घरात त्याला भाकर मिळंना का?"

मला लई लागलं ते. घरात येऊन मी मालकांना म्हणलं, "आवो, दवाखान्यात न्या त्यांना. मला वेगळीच भीती वाटून राहिली." वेगळी म्हंजे कॅन्सरची. नाव घ्यायची भीती, म्हून आम्ही दोघं पण घेत नव्हतो. मालकांच्या दोस्ताचे वडील असेच वाळत वाळत गेले होते.

दवाखान्यात सगळं केलं. रक्त, लघवी, फोटो, सोनोग्राफी, तोंडातून नळी घालून पोट बघितलं. आप्पा बाहेर येऊन म्हणले, "आतली गिरणी बघितली का रे? पट्टा तुटलाय का बघ म्हणावं." मालकांना हसू पण येईना.

रिपोर्ट आले तवा डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. बाई म्हणल्या, "घाबरू नका. कॅन्सर नाही, टीबी नाही, पोटात गाठ नाही. काहीच नाही."

मालकांनी खुर्चीचा दांडा धरला आन रडायलाच लागले. एवढा मोठा माणूस. बाईंनी पाणी दिलं. मंग म्हणल्या, "पण नीट ऐका. आजार नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. पोटात जातच नाहीये त्यांच्या. अंगातलं मांस झडलंय, म्हणून तोल जातो. बी-बारा कमी आहे, त्याची इंजेक्शनं देते. म्हातारपणी भूक कमी होते, पण अंगाला लागतं ते कमी होत नाही. डाळ, दूध, दही, शेंगदाणे दरवेळी पोटात गेलं पाहिजे, नुसता भात-भाकर नाही. अंडं चालतं का?"

मालकांनी आप्पांना विचारायला आत आणलं. अंडं म्हणल्याबरोबर आप्पांनी दोन्ही कानाला हात लावले आन डॉक्टरबाईला म्हणले, "बाई, तुम्ही माझ्या लेकीसारख्या हाव. असलं बोलू नका." बाई हसल्या. म्हणल्या, "बरं बाबा, अंडं राहू द्या. मग डाळ दुप्पट खा." बाहेर जाताना मला मात्र हळू आवाजात सांगितलं, "महिन्यात वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल. नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल. ती वेळ येऊ देऊ नका."

नाकात नळी. आप्पांनी कधी पूजेबिगर पाणी घेतलेलं न्हाई. नळीतून कुणीतरी नर्स येऊन कवा पण ओतणार, पूजा न्हाई, काही न्हाई. आप्पा ते सहनच करणार न्हाईत हे मला माहीत होतं. ते नळी काढून टाकणार आन मंग तसेच उपाशी जाणार. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच. कॅन्सर न्हाई म्हून सुटल्यासारखं झालं होतं, आन अर्ध्या रस्त्यात परत गळ्याला फास.

मी सगळं करून बघितलं. वरणात तूप जास्त घातलं. भाकरीच्या पिठात मुगाचं पीठ मिसळलं. डब्यातली पावडर आणली दुधात घालायची, आप्पा म्हणले, "हे पीठ कुणाच्या गिरणीतलं हाय? लईच बारीक हाय," आन दोन घोट घेऊन थांबले. मी मोठ्या ताटात जास्त वाढून आणलं की ते त्याच्यातलं आधीच काढायला लावायचे, आन दुसऱ्या दिवशी हात अजून खाली यायचा ताटावर. मी जितकं जास्त वाढायला बघायची तितकं ते कमी खायचे. मला कळेना. भूक न्हाई म्हणावं तर एकदा मी भाकरी थापून राहिले होते आन आप्पा दाराशी उभे. तव्यावरच्या भाकरीकडं असं बघून राहिले होते जसं लेकरू बघतंय. मला बघितलं आन निघून गेले.

मंग तुळजाबाई आत्या आल्या. आप्पांची धाकटी बहीण, किल्लारीला दिलेली. सत्तरीतली बाई, एक दात न्हाई तोंडात, पर तोंड असं चालतंय की विचारू नका. बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं आन आप्पांना बघून दारातच उभी राहिली.

"दादा! हे काय करलालास रे? अंगावर सदरा हाय का काठीवर वाळत घातलाय?"

आप्पा म्हणले, "ये. बस. बोंबलू नको."

आत्या माझ्याकडं वळली. "काय गं, चुलीला कुलूप लावतीस का तू?"

मालकच म्हणले, "आत्या, तिला बोलू नको, ती रोज रडून राहिली." आत्या माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात धरली. मी तिला दवाखान्याचं, नळीचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मठात महाप्रसाद. आम्ही सगळे गेलो. पुरुषांची पंगत एका अंगाला, बायकांची दुसऱ्या अंगाला. हुग्गी केली होती, गव्हाची खीर, आमच्यात तिच्याबिगर प्रसाद होत न्हाई. वाढणारी पोरं तरणी, दणादणा वाढत निघालेली. आप्पांनी हात आडवा केला तवर त्या पोरानं पळीभर हुग्गी बोटांवरून ताटात ओतली पण, वरून भाताचा ढीग, त्याच्यावर सार. पुढं निघून गेला.

पंगत जेवून उठली. आप्पा उठेनात. दुसरी पंगत बसायची होती, माणसं उभी होती, झाडणारी बाई झाडू घेऊन थांबलेली. आप्पा एक एक घास तोंडात घोळवत बसलेले, घाम आलेला, डोळे लाल. मी लांबून बघून राहिले. सासऱ्याजवळ भर पंगतीत कसं जायचं, पाय उचलंना. आत्याला म्हणलं, "आत्या, बघा की." आत्या गेली, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. मी खांबाआड जाऊन उभी राहिले. ऐकू येत होतं, दोघं पण ओरडूनच बोलणारे.

"दादा, सोड की आता. ऊठ."

"सोडू कसं? प्रसाद हाय."

"आरं मंग घरला नेऊ बांधून."

"उष्टं बांधून न्यायचं? आन तिथं कोण खाणार? ती हाय का आता?"

आत्याला कळलं न्हाई. "कोण ती?"

"तुझी वहिनी." आप्पा म्हणले, "ती होती तवर मला कधी मोजावं लागलं न्हाई तुळजा. पोट भरलं की हात धुवायचो. राहिलं साहिलं तिच्या ताटात जायचं. आता माझ्या ताटात कोण बसणार? सुनेला म्हणू का, माझं उष्टं खा म्हून? ती गेल्यावर पयल्याच महिन्यात दाढ दुखायला लागली, चावंना, अर्धी भाकर राहिली. टाकायची कशी? बळंच गिळली. आन भायेर जाऊन ओकलो. प्रसाद ओकलो मी. तवापासून ठरवलं, जेवढं नक्की संपंल तेवढंच घ्यायचं. भूक राहिली तर राहिली, पर ताटात राहायला नको."

आत्यानं आप्पांच्या ताटातली हुग्गी हातानं ओढून घेतली आन खायला लागली. "दादा, मी तुझी पाठची बहीण हाय, लहानपणी तुझं उष्टंच खाऊन वाढले. सरक तिकडं." दोघांनी मिळून ते ताट संपवलं. आप्पा पाणी घालून ताट धुऊन प्याले. झाडणारी बाई म्हणली, "झालं का महाराज?" आन आत्या तिला म्हणली, "झालं गं माय, झालं."

खांबाआड मी पदर तोंडाला लावून उभी होते. रडून राहिले होते पर आतून असं सुटल्यासारखं वाटलं. माणसाला भूक हाय. भूक मेलेली न्हाई. ज्याला भूक हाय त्याला खायला घालता येतंय.

घरी आल्यावर आत्यानं आप्पांसमोरच मला बोलावलं. "मंजुश्री, पदर बिदर राहू दे. बस इथं." मी बसले. आप्पा खाली बघून राहिले. आत्या म्हणली, "ताट हाय म्हून भीती हाय. ताटच नको. ह्याला वाटीनं वाढ. एवढीशी वाटी. ती संपली की दुसरी. जे भांड्यात हाय ते प्रसाद झालं न्हाई अजून, ते घरचं हाय, ते कुणी पण खाईल. बरोबर का दादा?"

आप्पांनी इचार केला. लई वेळ इचार केला, जसं कुणी धान्याचा भाव सांगितल्यावर करतात. मंग म्हणले, "बरोबर हाय."

तिथून पुढं आमचं जेवण बदललं. सकाळी पाणी मी लवकर तापवायला लागले, म्हंजे अंघोळ लवकर, पूजा लवकर. आधी पूजेला धा साडेधा वाजायचे, रात्रीपासून तवर पोट रिकामं, वर कधी पूजेनंतर नुसता चहा आन दोन बिस्किटं, की भूक गेली. आता पूजा झाली की पयली वाटी, ज्वारीची अंबील ताक घालून, जिरं टाकून. मंग थोड्या वेळानं भाकर कुस्करून घट्ट वरणात कालवलेली, वरून शेंगदाण्याचा कूट. दुपारी मुगाची मऊ खिचडी आन दही. चार वाजता दुधात भिजवलेला राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी परत भाकर दुधात. वाटी लहान, पर दिवसातून कितीकदा तरी. पयले दोन दिवस आप्पा वाटीकडं बघून म्हणले, "मी काय चिमणी हाय का?" तिसऱ्या दिवशी वाटी पुढं केली, "वाढ अजून." मी आत जाऊन देवापुढं हात जोडले.

दाताचं पण केलं. हलणाऱ्या दाढा काढल्या, कवळी बसवली. कवळी त्यांना आवडली न्हाई, म्हणायचे "दुसऱ्याच्या तोंडातलं माझ्या तोंडात," पर भाकर चावायला लागले. पाणी कमी प्यायचे, उठावं लागतंय म्हून. मी तांब्या ओट्यावर ठेवायला लागले, गिरणीवर येणारी प्रत्येक बाई त्यांना म्हणायची, "आप्पा, प्या की घोटभर," मीच शिकवून ठेवलं होतं सगळ्यांना. केवळाबाई तर तांब्या उचलून बघायच्या किती राहिलं ते.

महिन्यानं काट्यावर उभं केलं तर डॉक्टरबाई म्हणल्या, "बाबा, वाढलं वजन! काय केलंत?" आप्पा म्हणले, "मी काही केलं न्हाई, सुनेनं ताट काढून घेतलं." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, मला सगळी गोष्ट सांगावी लागली मंग. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं न्हाई. त्या दिवशी मी रिक्षात न्हाई बसले. आप्पा आन मी चालत आलो घरापर्यंत, गोलाईत थांबून त्यांनी मला केळी घेऊन दिली. सासऱ्यानं सुनेला केळी घेऊन दिली म्हून आमचे मालक मला आजून चिडवतात.

आन आम्ही बोलायला लागलो. वाटीनं वाढायचं म्हंजे मला तिथंच बसावं लागायचं. नुसतं बसून काय करू, मंग मी पण माझं ताट घेऊन बसायला लागले, जरा लांब. आप्पा म्हणायचे, "हे वरण पातळ झालंय." मी म्हणायची, "काल घट्ट झालंय म्हणलाव." कधी ते भाकरीला हात लावायच्या आधी अर्धी मोडून माझ्या ताटात टाकायचे, "उष्टी न्हाई गं, आधी काढली." मी त्यातली निम्मी परत त्यांच्याकडं सरकवायची. बाजारात घासाघीस चालते तशी आमची भाकरीची चालायची. अव्वाच्या गोष्टी सांगायचे. अव्वा नवीन नवरी असताना गिरणीच्या आवाजाला भिऊन माहेरी पळून गेलेली, ते मला त्या वाट्यांमुळंच कळलं.

दोन वर्सं आन वर काही महिने असे गेले. आप्पा परत गिरणीत बसायला लागले. जड डबा उचलायचे न्हाईत, पर पट्टा लावायचे, पीठ हातावर घेऊन बघायचे. म्हातारी माणसं आली की त्यांना इचारायचे, "जेवलाव का? काय जेवलाव? चहा-बिस्कीट म्हंजे जेवण न्हाई." आन एखाद्या म्हाताऱ्याच्या घरचं दळण असलं तर त्यात मूठभर भाजलेली डाळ टाकायला सांगायचे. "दात न्हाईत तर पातळ खा, पर खा." ओरडूनच सांगायचे, गल्लीभर ऐकू जायचं.

गेले ते दुपारी. पूजा झाली होती, अंबील झाली होती, खिचडी झाली होती. वाटी धुऊन प्याले, ओट्यावर जाऊन भिंतीला टेकून बसले, आन केवळाबाई डबा घेऊन आल्या तर आप्पा बोलेनात. एवढंच. दवाखाना न्हाई, नळी न्हाई, कुणाच्या हातचं ओतून घेणं न्हाई.

आमच्यात माणसाला बसवून नेतात, विमानात, म्हंजे पालखीसारख्या तिरडीत, फुलं लावून, मांडी घातलेली, कपाळाला विभूती, जसं पूजेला बसलंय तसं. आप्पा बसलेले बघून मला वाटलं आता म्हणतील, वाढ. मी भिंतीला धरून रडून राहिले होते. किल्लारीहून आत्या येऊन पोचली होती, माझ्या खांद्याला धरून उभी होती.

पोरांनी विमान उचललं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले न्हाईत तर खांदा बदलायला थांबले. आमच्या जावेचा पोरगा रविकिरण घाम पुसत मागं बघून म्हणला, "काकू, आप्पा लईच जड हाईत की."

माझं रडू एकदम थांबलं, मनाला गार वाटलं. तसं वाटायला नको होतं त्या वेळी, पर वाटलं.

आत्या माझ्या बाजूनं ओरडली, "जड असणारच रे. पोटभर जेवून चाललाय तो. उचला नीट."